वैशाखात गरम पाणी, मध आणि अद्रक: पचन सुधारण्याऐवजी जळजळ वाढली, नेमके काय चुकते आहे?

सदरकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४३ आहे आणि नागपूरच्या सदर भागातील एका खासगी कार्यालयात मी हिशेबाचे काम करतो. मार्चअखेरच्या धांदलीत जेवणाच्या वेळा बिघडतात हे आमच्या धंद्यात ठरलेलेच असते. पण एप्रिल सरला, मे उजाडला तरी माझी वेळ रुळावर आली नाही. रात्री साडेदहाला जेवतो आणि सव्वाअकराला अंथरुणावर असतो. गेले वर्षभर पोट फुगणे, आंबट ढेकर आणि सकाळी पोट पूर्ण साफ न झाल्यासारखे वाटणे असा त्रास आहे. रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी चालू आहे. साखर तपासली, ती ठीक निघाली.

आणखी गोळ्या नकोत म्हणून दोन महिन्यांपूर्वी घरगुती आयुर्वेदिक उपाय सुरू केले. उठल्याबरोबर मोठा पेलाभर गरम पाण्यात लिंबू आणि मध घेतो. त्यानंतर चमचाभर अद्रकाचा रस, नाश्त्यानंतर ओवा, दुपारी वाटीभर दही, संध्याकाळी एका दुकानातून आणलेले सुटे पाचक चूर्ण, रात्री पुन्हा दहीभात आणि झोपताना त्रिफळा, असा दिवसभराचा क्रम आहे. यातली एकही गोष्ट मी स्वतः शोधलेली नाही. लिंबू-मध शेजाऱ्यांनी सुचवले, अद्रक मेव्हण्याने, दही आईने, आणि उरलेले सगळे मोबाईलवर आलेल्या संदेशांनी.

परिणाम असा की पोट आता साफ होते, कधी कधी जरा जास्तच होते, पण छातीतली जळजळ पूर्वीच्या दुप्पट झाली आहे. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) अजून लागायचा आहे, आणि रात्री कूलरपुढे बसूनही घशाशी आंबट पाणी येते. यातले काय ठेवावे, काय सोडावे आणि सुरुवात कोठून करावी, हे कोणी कारणांसह सांगितले तर उपकार होतील.

अग्निविचार (उत्तर)

मी आयुर्वेदाची पदवी घेऊन १९ वर्षे व्यवसाय करतो आहे. नाडी न पाहता, पोट न तपासता येथे औषध लिहून देणार नाही. पण आपण जे करत आहात त्याबद्दल बोलता येईल.

वैशाखातल्या नागपुरात दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यात आपण गरम पाणी, अद्रक, ओवा, दही आणि बहुधा मिरी-पिंपळी असलेले चूर्ण अशा पाच उष्ण वस्तू एकाच दिवसात पोटात घालत आहात. दही थंड असते ही समजूत जिभेपुरती खरी आहे. ग्रंथांनी ते उष्ण, जड आणि पचनानंतर आंबट होणारे म्हटले आहे. आयुर्वेदाचे प्राचीन आचार्य चरक आणि वाग्भट या दोघांनीही रात्री दही खाऊ नये असे सांगितले, आणि वसंत, ग्रीष्म व शरद या तीन ऋतूंतही ते वर्ज्य मानले. म्हणजे आपला रात्रीचा दहीभात दोन्ही आचार्यांच्या विरोधात जातो, हे आईंना जरा बेताने सांगावे.

‘रोगाः सर्वेऽपि मन्देऽग्नौ’ (सगळे रोग अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंदावल्याने होतात) हे वाग्भटाचे वचन सगळ्यांच्या तोंडी असते, आणि त्यामुळेच पोटाची कोणतीही तक्रार आली की अग्नी पेटवायला अद्रक पुढे होते. परंतु त्याच परंपरेने अग्नीचे सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे चार प्रकार मानले आहेत, आणि अजीर्णातही आम, विदग्ध व विष्टब्ध असा भेद केला आहे. अंग जड होणे, तोंडाला पाणी सुटणे हे आमाजीर्णाचे लक्षण; आंबट-धुरकट ढेकर, तहान आणि जळजळ हे विदग्धाजीर्णाचे; पोट फुगून वारा न सरणे हे विष्टब्धाचे. वर्षभरापूर्वी आपल्याला यातले पहिले किंवा तिसरे असेलही, आणि तेव्हा अद्रक-ओवा शोभले असते. आज आपण जे वर्णन करता ते विदग्धाचे आहे, आणि त्यात हे पदार्थ म्हणजे आगीत तेल आहे.

मधाविषयी तर वाग्भट चारही बाजूंनी बजावतो: गरम केलेला मध नको, गरम पदार्थांसह नको, उष्ण काळात नको आणि उष्णतेने पोळलेल्या माणसाला नको. गरम पाण्यातले लिंबू-मध आयुर्वेदाच्या नावावर कसे खपू लागले हे मला आजवर कळलेले नाही.

पाण्याचेही तसेच आहे. गरम पाणी दीपन करते, म्हणजे भूक वाढवते, पण दाह आणि तहान असलेल्याला ते सांगितलेले नाही. आपण सध्या माठातले पाणी प्या, माठात वाळ्याची जुडी सोडली तर उत्तम. फ्रीजची बाटली मात्र टाळा. जेवताना घोट घोट प्यावे. जेवणाच्या मध्ये घेतलेले पाणी शरीर सम ठेवते, आधी घेतलेले कृश करते आणि शेवटी घेतलेले स्थूल करते, असा वाग्भटाचा ठोकताळा आहे.

आता सुरुवात कोठून करावी याचे उत्तर, जे आपल्याला बहुधा आवडणार नाही. सुरुवात रात्रीच्या जेवणाच्या वेळेपासून करावी. आधीचे पचल्यावर पुढचे खावे हा चरकाचा नियम आहे, आणि पचल्याची खूणही सांगितलेली आहे: ढेकर शुद्ध येतो, अंग हलके वाटते, उत्साह असतो, वेग सहज सुटतात आणि खरी भूक व तहान लागते. साडेदहाला आपल्याला जे जाणवते ती भूक असते की दिवसभराचा शीण, हे आठवडाभर नुसते लिहून ठेवा. आठच्या आत घरी जेवण जमत नसेल, तर सात वाजता कार्यालयातच भाकरी-भाजीचा डबा खा आणि घरी गेल्यावर वाटीभर पातळ मुगाची खिचडी किंवा तांदळाची पेज घेऊन थांबा. मात्रेबद्दल वाग्भट पोटाचे चार भाग कल्पितो. दोन अन्नाचे, एक द्रवाचा आणि एक वायूसाठी मोकळा. जेवणानंतर शतपावली करावी. अंथरुणावर पडाल तेव्हा डाव्या कुशीवर पडा. वामकुक्षी या शब्दाचा अर्थच तो आहे, आणि डाव्या कुशीवर आम्ल कमी वर येते हे आधुनिक तपासण्यांतही दिसले आहे.

लिंबू-मध, अद्रक, ओवा, रात्रीचे दही आणि ते सुटे चूर्ण आजपासून बंद करावे. त्रिफळा हवा असल्यास अर्धा चमचा ठेवावा, आणि पोट पातळ होत असेल तर तोही थांबवावा. पंधरा दिवसांत नवे काहीही सुरू करू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाचा गुण आला हे कळते.

महालातली आजी (उत्तर)

सदरकर, तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे आहात म्हणून स्पष्ट लिहिते. वैद्यबुवांनी दही सोडा म्हटले ते बरोबर आहे, पण त्याच्या जागी काय ठेवायचे हे पुरुषमाणसांना सांगावे लागते, नाहीतर ती जागा फरसाण घेते.

आमच्या घरी उन्हाळाभर दुपारच्या जेवणात ताक असते. ते असे करावे. रात्री कोमट दुधाला विरजण लावावे, पण या दिवसांत ते चार-पाच तासांतच लागते. सकाळपर्यंत ओट्यावर राहिले की आंबून त्याला पाणी सुटते, आणि मग तेच आंबट दही लोक घुसळतात व ताकाला दोष देतात. म्हणून दूध रात्री उशिरा, झोपताना विरजावे आणि पातेले पाण्याच्या परातीत ठेवावे. सकाळी दही गोडसर असतानाच रवीने घुसळावे, थोडे थंड पाणी घालत राहावे, म्हणजे लोणी गोळा होऊन वर येते. ते हाताने काढून घ्यावे. खाली राहते ते ताक. मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवलेले दही-पाणी आणि हे ताक यांत फरक आहे, तो तुम्हाला पहिल्या घोटातच कळेल. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिरलेला सांबार (कोथिंबीर) घालावा. हिरवी मिरची वाटून घालू नये, आणि तांब्याच्या भांड्यात तर ताक मुळीच ठेवू नये.

खाण्याबद्दल म्हणाल तर ज्वारीची भाकरी, मुगाचे फोडणीचे वरण आणि दोडके किंवा लौकी (दुधी) यांची कमी तेलाची भाजी एवढे पुरेसे होते. वडाभात आणि पाटोडी थंडीत खावी, तेव्हा पचते. सकाळी कार्यालयाच्या वाटेवर तर्री-पोहे (तिखट रश्श्यासह पोहे) खाता का, हे तुम्ही लिहिलेच नाही. माझ्या घरातल्या एका माणसाने सहा महिने पित्ताच्या गोळ्या घेतल्या, आणि रोजची तर्री मात्र त्याच्या हिशेबात कधी धरलीच गेली नव्हती. झणझणीत सावजी रस्सा खायचा असेल तर दुपारी खा आणि त्या दिवशी रात्री जेवू नका. मी कोणाला सावजी सोडायला सांगत नाही, कारण नागपुरात ते कोणी ऐकणार नाही.

अग्निविचार (उत्तर)

आजींना नमस्कार. ताकाची कृती मी माझ्या रुग्णांना वाचून दाखवणार आहे. फक्त एक सूक्ष्म गोष्ट नोंदवतो. ताकाची इतकी स्तुती असूनही सुश्रुताने ते उष्ण काळात, दुर्बलाला, आणि मूर्च्छा, चक्कर, दाह व रक्तपित्त (रक्तस्रावाचा विकार) असताना देऊ नये असे म्हटले आहे. विदर्भात तर सारा उन्हाळा ताकावर निघतो. माझ्या अनुभवात या दोन्हींचा मेळ आजींनी लिहिलेल्या गोडसर, ताज्या, लोणी काढलेल्या आणि पातळ ताकात बसतो. आंबट मठ्ठ्यात बसत नाही. सदरकरांनी मात्र पहिले आठ दिवस तेही थांबवावे. त्याऐवजी धने-जिरे रात्री भिजवून सकाळी गाळलेले पाणी खडीसाखर घालून घ्यावे. जळजळ ओसरल्यावर दुपारी पेलाभर ताक सुरू करून पाहावे.

गोळीचिठ्ठी (उत्तर)

मी औषधविक्रेता आहे आणि २० वर्षे दुकानात उभा असतो. पथ्यात मी ढवळाढवळ करणार नाही, पण दोन गोष्टींकडे कोणी पाहिले नाही.

पहिली म्हणजे रक्तदाबाची गोळी. लवणभास्करसारख्या चूर्णांत चार-पाच प्रकारची लवणे नावाप्रमाणेच भरपूर असतात, आणि सैंधव किंवा पादेलोण म्हटले तरी त्यात सोडियम असतेच. ज्येष्ठमध घशाला आणि पित्ताला चांगले म्हणून लोक महिनोन्महिने घेतात. त्याने रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातले पोटॅशियम उतरू शकते. आपल्या सुट्या चूर्णात काय आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही, त्यामुळे गोळी चालू असताना रक्तदाब वर गेला तर दोष गोळीला मिळेल. परवानाधारक आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटक, परवाना क्रमांक आणि निर्मितीची तारीख छापलेली असते. कागदाच्या पुडीवर यातले काहीच नसते. उलट बाजूही सांगतो. अॅम्लोडिपिनच्या गटातील काही गोळ्यांमुळे अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडून आम्ल वर येऊ शकते आणि बद्धकोष्ठही होऊ शकते. आपली गोळी त्यांपैकी आहे का हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, पण मनाने बंद करू नका. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि बाकीच्या गोळ्यांपासून तासा-दोन तासांचे अंतर ठेवा.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक जळजळ म्हणजे पित्त असे धरून चालू नये. जठरातील बहुसंख्य व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो शोधला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याची तपासणी होते आणि ठरावीक दिवसांच्या औषधांनी तो जातो. धने-जिऱ्याच्या पाण्याने जात नाही. कारण नसताना वजन उतरणे, काळी शौच, घास अडकणे, वारंवार उलटी किंवा रक्त कमी होणे यांपैकी काहीही असेल तर पथ्य करत बसू नये, पोटाच्या डॉक्टरांना दाखवावे. जळजळीबरोबर घाम फुटला, दम लागला किंवा कळ हातात वा जबड्यात गेली, तर ओवा शोधू नये, तडक रुग्णालयात जावे. माझ्या दुकानात पित्ताची गोळी मागायला आलेल्या एका गृहस्थांना मी रिक्षात बसवून पाठवले होते, आणि तो हृदयाचाच त्रास निघाला.

तिसरी पाळी (उत्तर)

सुट्या चूर्णाबद्दल माझा अनुभव लिहितो. बुटीबोरीला फिरत्या पाळीत काम असल्यामुळे बद्धकोष्ठ होते. एका दुकानातून ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून मिळणारी पुडी मी दीड वर्ष रोज घेतली. नंतर कळले की तिच्यात मुख्य माल सोनामुखीचा, म्हणजे रेचकाचा, होता. तेव्हापर्यंत अशी अवस्था झाली होती की पुडीशिवाय आतडे हलतच नसे. ती सवय सुटायला चार महिने गेले, आणि त्या काळात मनुका, दुपारच्या जेवणातले साजूक तूप आणि ठरल्या वेळी शौचाला बसणे याच गोष्टी उपयोगी पडल्या. सदरकरांचे पोट ‘कधी कधी जास्तच’ साफ होते हे वाचून मला तीच शंका आली.

सदरकर (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. जे घडले ते जसेच्या तसे लिहितो.

दुकानदाराला खोदून विचारले तेव्हा पुडीत सोनामुखी आणि पादेलोण असल्याचे त्याने सहज सांगितले, जणू मी फार उशिरा विचारले. पुडी बंद केली. पहिले चार दिवस पोट अजिबात साफ झाले नाही आणि पुन्हा पुडी आणावी असे अनेकदा वाटले. पाचव्या दिवसापासून हळूहळू मार्गी लागले. अद्रक, ओवा, लिंबू-मध आणि रात्रीचे दही त्याच दिवशी सोडले. होय आजी, तर्री-पोहे आठवड्यातून चार दिवस होते. आता एक दिवस आहे.

सगळ्यांत अवघड गेला तो सातचा डबा. कार्यालयातल्या मंडळींनी थट्टा केली ती सोसली. पण दिवसातून एकदाच सगळे घरचे एकत्र जेवतात आणि मी त्यांच्यासमोर वाटीभर पेज घेऊन बसतो, हे मुलीला आवडलेले नाही. अखेर सौभाग्यवतींनी सगळ्यांचेच जेवण नऊवर आणले. मला आठचे सांगितले होते हे ठाऊक आहे, पण आमच्या घरी नऊ ही क्रांती आहे, त्यामुळे डबा आणि नऊची हलकी वाटी असा तह झाला आहे.

जळजळ नवव्या-दहाव्या दिवशी निम्म्यावर आली. मध्ये एका शनिवारी चुलतभावाकडे रात्री सावजी झाले आणि पहाटे तीनपर्यंत उशाला टेकून बसून राहिलो. त्यानंतर मात्र रात्र शांत आहे. पोट फुगणे अजून आहे, पूर्वीपेक्षा कमी. डॉक्टरांना भेटलो, गोळी त्याच गटातली निघाली आणि त्यांनी ती बदलून दिली. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ठीक आहे. महिनाभराने पुन्हा बोलावले आहे आणि त्रास उरला तर दुर्बिणीने तपासू असे म्हणाले. त्यामुळे गुण डब्याचा की बदललेल्या गोळीचा, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

एक प्रश्न उरला आहे. मृग लागले आहे, आज पहिला चांगला पाऊस झाला आणि घरात सकाळपासून अद्रकाच्या चहाचा वास आहे. आता अद्रक चालेल का?

अग्निविचार (उत्तर)

दोन बदल एकदम झाल्याचे आपण प्रामाणिकपणे लिहिले, हे फार थोडे लोक करतात.

पावसाळ्यात अग्नी खरोखरच मंदावतो, आणि जेवणाआधी अद्रक-मीठ चघळण्याचा जुना सल्ला याच दिवसांना साजतो. तरी जळजळ सलग पंधरा दिवस पूर्ण थांबल्याशिवाय सुरू करू नका. नंतर फक्त दुपारच्या जेवणाआधी नखाएवढा तुकडा घ्या. आपल्याला रक्तदाब आहे म्हणून मीठ लावू नका, नुसताच चावा. चहातले अद्रक हा वेगळा मामला आहे. रिकाम्या पोटी कडक चहा घेतला तर त्रास अद्रकाआधी चहाच देईल. तांदूळ जुना वापरा, पालेभाज्या कमी करा, आणि या महिन्यात पाणी उकळून निववून प्या, कारण पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी येते. आजींचे ताक दुपारी सुरू करायला आता हरकत नाही.

हे सगळे पावसाळ्यापुरते आहे. शरदात साठलेले पित्त पुन्हा उसळते, आणि ऑक्टोबरचे नागपुरी ऊन आपल्याला ठाऊक आहेच. कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची (ऑक्टोबरपासून येणारी) संत्री दिसू लागली की अद्रक पुन्हा बंद करा.